गोल चित्र, चौकोनी कॅमेरा

क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८–५५ मि.मी.ची किट लेन्स घरात असेल, तर ती कॅमेऱ्यावरून उतरवा. भर दुपारी खोलीतले दिवे बंद करा, लेन्सचं तोंड खिडकीकडे धरा आणि तिच्या मागच्या कड्यापासून दीड-दोन इंचांवर एक पांढरा कागद पुढेमागे सरकवत राहा. निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या बहुतेक लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची पाती मिटलेली असतात. मागची बारीक दांडी बोटाने सरकवून धरली की ती उघडतात. एका ठरावीक जागी कागदावर एकदम खिडकी उमटते. गज, पलीकडचं झाड, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, सगळं उलटं आणि सगळं रंगीत. वारा आला की कागदावरचे कपडेही हलतात. बॅटरी नाही, सेन्सर नाही, कसलं गणित करणारी चिप नाही. नुसत्या काचा.

आता त्या चित्राचा आकार बघा. ते गोल आहे. मधोमध लख्ख, कडेला अंधूक होत होत विरून गेलेलं. जन्मभर आयताकृती फोटो काढलेल्या माणसाला हे पाहून नवल वाटतं, पण दुसरं होणार तरी काय? आतल्या काचा गोल, त्या ज्या नळीत बसवल्या ती गोल, पाती मिळून जे भोक करतात तेही जवळपास गोलच. चार कोपऱ्यांशी लेन्सचं काही देणंघेणं नाही. ती आपलं वर्तुळ मागे टाकते आणि कॅमेरा त्यातून एक आयत उचलतो. उरलेलं चित्र कॅमेऱ्यातल्या काळ्या भिंतींवर पडतं आणि तिथेच संपतं. असं प्रत्येक फोटोच्या वेळी होतं.

हे वर्तुळ लपवायचं नाही असं एका कॅमेऱ्याने ठरवलं होतं. जॉर्ज ईस्टमनने १८८८मध्ये विकायला काढलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याचे फोटो गोल असत. व्यास अडीच इंच, एका रोलवर शंभर फोटो. कडेला चित्र बिघडतं तो भाग गोल चौकटीबाहेर राही आणि कॅमेरा जरा तिरका धरला गेला तरी गोल फोटोत ते खटकत नसे. लेन्स काय काढते हे इतक्या सरळपणे दाखवणारे फोटो पुढे फारसे निघाले नाहीत.

क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्याला लावता येते का, हा प्रश्न कॅमेरा बदलणाऱ्या प्रत्येकाला पडतो. सगळं उत्तर या वर्तुळात आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मि.मी.चा. त्याचा कर्ण सुमारे ४३ मि.मी., म्हणजे चारही कोपऱ्यांत उजेड हवा असेल तर लेन्सने निदान ४३ मि.मी. व्यासाचं वर्तुळ टाकायला हवं. निकॉन किंवा सोनीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मि.मी.चा, कर्ण २८ मि.मी.; कॅननचा त्याहून जरा लहान, कर्ण जेमतेम २७. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यासही २७ मि.मी. आहे. तेव्हा क्रॉप लेन्सच्या रचनाकाराला दहाच्या नाण्याएवढं वर्तुळ नीट भरायचं असतं. फुल फ्रेमवाल्याला त्याच्या अडीचपट क्षेत्रफळ भरावं लागतं.

हे दोन आकार आले कुठून, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. पस्तीस मि.मी. रुंदीची, दोन्ही कडांना भोकं पाडलेली फिल्म मूळची सिनेमाची. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिला रूप दिलं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी पळते आणि चार भोकांमागे एक चौकट पडते. दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मि.मी., म्हणून चार भोकांत १९ मि.मी. आणि चौकट साधारण २४ मि.मी. रुंद, १८ मि.मी. उंच. दादासाहेब फाळके १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि १९१३च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ याच मापाच्या चौकटींतून चित्रित झाला होता.

जवळपास त्याच महिन्यांत जर्मनीतल्या वेट्झलार गावात, लाइट्झ कंपनीत, ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ एक लहानसा फोटो कॅमेरा घडवत होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि डोंगरांत भटकायची आवड. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा त्याला पेलवत नव्हता. त्याने सिनेमाची फिल्म घेतली, ती आडवी धावेल अशी बसवली आणि चाराऐवजी आठ भोकांची चौकट केली. आठ भोकं म्हणजे ३८ मि.मी.; दोन मि.मी. फटीत गेले, उरले ३६. उंची २४. तो कॅमेरा पुढे लायका म्हणून १९२५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला आणि त्याची चौकट पुढच्या शतकाचं माप झाली. आज जिला आपण फुल फ्रेम म्हणतो ती फाळक्यांच्या चौकटीच्या दुप्पट. आणि ज्याला क्रॉप म्हणतो तो सेन्सर रुंदीने फाळक्यांच्या चौकटीएवढाच! मूळ कोण आणि कापलेलं कोण, हे तुम्ही कोणत्या बाजूने बघता त्यावर आहे. सोनीच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांच्या मेनूत या लहान चौकटीपुढे सुपर ३५ असं नाव लिहिलेलं असतं. ते सिनेमाच्या फिल्मवरून आलेलं नाव आहे.

डिजिटल काळात लहान चौकट परत आली ती सिलिकॉनमुळे. चिपवर नक्षी उमटवणारी यंत्रं एका वेळी जास्तीत जास्त २६ बाय ३३ मि.मी.चं क्षेत्र छापतात. ३६ मि.मी. रुंदीचा सेन्सर त्यात मावत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी छापून सांधावा लागतो. शिवाय सिलिकॉनच्या चकतीवर दोष कुठेही असू शकतो आणि चिप जितकी मोठी तितका तो दोष तिच्या वाट्याला येण्याचा संभव जास्त. लहान सेन्सर एका दमात छापता येतो, म्हणून तो स्वस्त. निकॉनचा डी१ १९९९मध्ये आला तो २.७ मेगापिक्सेलचा, लहान सेन्सरचा. फुल फ्रेमचा निकॉन, डी३, यायला २००७ उजाडलं. कॅननने ११ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा २००२मध्येच आणला होता, पण तो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता.

सुरुवातीची काही वर्षं लोक लहान सेन्सरवर जुन्या, मोठ्या वर्तुळाच्या लेन्स लावत. मग २००३मध्ये निकॉनने डीएक्स आणि कॅननने ईएफ-एस लेन्स आणल्या: वर्तुळ लहान, काच कमी, वजन कमी, किंमत कमी. कॅननने एक पाऊल पुढे टाकलं. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे एक आरसा असतो; सेन्सर लहान असला की तोही लहान असतो, म्हणून लेन्सचा मागचा भाग आत, सेन्सरच्या जवळ ढकलता येतो. ईएफ-एस लेन्सच्या मागे हा पुढे आलेला भाग असतो. ती फुल फ्रेमच्या जुन्या कॅनन एसएलआरवर बसतच नाही. दामटून बसवली असती तर मोठा आरसा वर उचलताना काचेवर आपटला असता. कॅमेऱ्यावर लाल ठिपका आणि लेन्सवर पांढरा चौकोन, या खुणा त्यासाठीच. निकॉनने मात्र १९५९पासूनचा एफ माउंट तसाच ठेवला. डीएक्स लेन्स फुल फ्रेम बॉडीवर अगदी सहज बसते.

मिररलेस आले, आरसा गेला, आणि हा अडसरही गेला. कॅननच्या फुल फ्रेम आर मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॉप्टर लावून ईएफ-एस लेन्सही चालते. सोनीचा ई माउंट २०१०मध्ये लहान सेन्सरसाठी निघाला होता. तीन वर्षांनी त्याच कड्यामागे कंपनीने फुल फ्रेम सेन्सर बसवला. आता लेन्स बसते का हा प्रश्न जवळपास संपला आहे. बसल्यावर काय होतं, ते बघू.

पहिली गोष्ट: कॅमेरा लेन्सला ओळखतो. मागच्या सोनेरी टिकल्यांमधून लेन्स आपली जात सांगते आणि कॅमेरा आपण होऊन सेन्सरचा मधला लहान आयत तेवढा वापरतो. चित्र स्वच्छ येतं, कोपरे उजळ येतात, मेगापिक्सेल मात्र घटतात. लांबी दीडपट कमी, उंची दीडपट कमी, म्हणून पिक्सेल सव्वादोन पटीने कमी. निकॉन डी३चे १२ मेगापिक्सेल ५ होत. सोनीच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १० उरतात, निकॉन झेड७च्या ४५.७मधून १९.५, आणि सोनीच्या ६१ मेगापिक्सेलच्या ए७आर ४मधून २६. शेवटचे दोन आकडे नीट बघा. आजच्या चांगल्या क्रॉप कॅमेऱ्यात असतात जवळपास तेवढेच ते पिक्सेल आहेत. म्हणजे जास्त मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी घेणारा माणूस एका खोक्यात दोन कॅमेरे घेऊन येतो. आणि दहा मेगापिक्सेलही काही टाकाऊ नाहीत. त्यांतून १२ बाय ८ इंचांचा उत्तम प्रिंट निघतो. व्हिडिओत तर बरेचदा काहीच गमवावं लागत नाही. फोर के चौकटीला ८.३ मेगापिक्सेल पुरतात, आणि सोनी ए७ ४सारखा कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेमचं फोर के चित्रण करताना सेन्सरचा मधला भागच वापरतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो दूर करायला हवा. ‘ही लेन्स क्रॉपची, म्हणजे हिच्या आकड्याला आधी दीडने गुणायचं, मग क्रॉप मोडमध्ये पुन्हा दीडने.’ तसं काही नाही. ३५ मि.मी.ची लेन्स कुठेही ३५ मि.मी.चीच. फोकल लेंथ ही काचांची गोष्ट आहे, सेन्सरला ती बदलता येत नाही. मागे किती मोठा आयत धरला त्यावर चित्राचा पसारा ठरतो. क्रॉप मोडमध्ये ती लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर जेवढं दाखवायची तेवढंच दाखवते.

आता दुसरी गोष्ट, आणि खरी मौज इथे आहे. निकॉनच्या फुल फ्रेम एसएलआरमध्ये आणि सोनीच्या कॅमेऱ्यांत हा आपोआप होणारा क्रॉप बंद करता येतो. (निकॉन झेड आणि कॅनन आरमध्ये, लेन्स ओळखली गेली की तशी मुभा मिळत नाही.) क्रॉप बंद करा, किट लेन्स १८वर ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. कागदावर पाहिलेलं वर्तुळ समोर येतं: मधे जग, चारही कोपऱ्यांत काळोख. आता झूम हळूहळू २४, ३५, ५५कडे न्या. काळोख मागे हटत जातो. कुठल्याशा आकड्यावर कोपरे नुसते करडे उरतात, आणि काही लेन्समध्ये अगदी स्वच्छ होतात. तीच लेन्स, त्याच काचा. वर्तुळ वाढलं कसं?

यामागचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे आणि ते इतकं चपखल बसतं की मी ते पुन्हा पुन्हा करून बघतो. लेन्समधून प्रकाशाचा एक शंकू मागे पडतो. वर्तुळाचा व्यास दोन गोष्टींवर ठरतो: शंकूचा कोन किती आणि फोकल लेंथ किती. टोकिनाची क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली ११–१६ मि.मी. एफ २.८ लेन्स घ्या. ११ मि.मी.वर २८ मि.मी.चं वर्तुळ भरायला तिला १०४ अंशांचा कोन पेलावा लागतो. समजा, १६वर नेल्यावरही काचांना तेवढाच कोन झेपतो. मग १६ गुणिले ५२ अंशांचा टॅन, म्हणजे साडेवीस मि.मी. त्रिज्या; व्यास ४१ मि.मी. फुल फ्रेमला हवेत ४३! प्रत्यक्षातही ही लेन्स १५–१६ मि.मी.च्या आसपास फुल फ्रेम भरते, हे फोटोग्राफरांनी वापरून पाहिलेलं आहे. क्रॉपसाठी घेतलेल्या झूमच्या टोकाशी फुल फ्रेमची एक अतिवाइड लेन्स बसलेली होती, आणि पेटीवर तसं कुठेही छापलेलं नव्हतं. निकॉनच्या १२–२४ एफ ४ डीएक्सचंही तसंच: साधारण १८च्या पुढे ती मोठी चौकट भरू लागते.

रुंद टोकालाच वर्तुळ का कमी पडतं, तेही इथेच कळतं. १८ मि.मी.वर लहान सेन्सरचे कोपरे गाठायला ७६ अंश पुरतात. मोठ्या सेन्सरचे गाठायला १०० लागतात. एवढा कोन पेलणारी काच मोठी, फुगीर, महाग. किट लेन्समध्ये कंपनी ती कशाला घालेल? ५५ मि.मी.वर मोठ्या चौकटीलाही ४३ अंशच लागतात, आणि ही लेन्स दुसऱ्या टोकाला ७६ पेलतच असते.

कोन पुरला म्हणून वर्तुळ पूर्ण मिळेलच असं मात्र नाही. वाटेत आडवं यायला बऱ्याच गोष्टी असतात. लेन्सचं हूड लहान आयताच्या बेताने कापलेलं असतं. मोठ्या चौकटीत त्याच्या पाकळ्याच दिसू लागतात. काढून बघा, थोडं वर्तुळ परत मिळतं. निकॉनच्या १०.५ मि.मी.च्या डीएक्स फिशआयचं हूड लेन्सच्या अंगचंच असतं, तर काही फोटोग्राफरांनी ते चक्क तासून काढलं आणि फुल फ्रेमवर जवळपास गोल, पहिल्या कोडॅकसारखं चित्र मिळवलं. काही लेन्सच्या मागच्या तोंडाशी भरकटलेला प्रकाश अडवायला आयताकृती झडप बसवलेली असते. तिथे वर्तुळ सेन्सरपर्यंत पोहोचायच्या आधीच छाटलं जातं.

काळोखाची कडही बघण्यासारखी असते. अ‍ॅपर्चर एफ १.८ किंवा २.८ असेल तर कड मऊ, धुरकट. एफ ११ करा: उजेड आणि काळोख यांच्यातली सीमा एकदम रेखीव होते. याचं कारण डोळ्यांनी बघता येतं. लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरवर आकाशाकडे धरा आणि मागून बघत हळूहळू तिरपी करा. मधलं गोल उजळ भोक निमुळतं होत होत मांजराच्या डोळ्यासारखं होतं, कारण पुढच्या आणि मागच्या काचेचे काठ त्याला दोन्हीकडून झाकू लागतात. कोपऱ्यातल्या पिक्सेलला लेन्स अशीच दिसते. भोक मोठं असताना ते हळूहळू झाकलं जातं, म्हणून उजेड टप्प्याटप्प्याने कमी होतो. भोक बारीक असलं की आधी पूर्ण दिसतं आणि मग एकदम दिसेनासं होतं. याखेरीज तिरपेपणाचाही एक कर असतो: साध्या हिशेबाने ४५ अंशांवरून येणारा प्रकाश मधल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाच उरतो. रुंद लेन्स बनवणारे बराच खटाटोप करून हा कर कमी करतात.

आणि जिथे उजेड पोहोचला, तिथे रेखीवपणा पोहोचलाच असं नाही. नाण्याबाहेरच्या त्या पट्ट्याला रचनाकाराने हातच लावलेला नसतो. तिथे दिव्याच्या ठिपक्यांना पंख फुटतात, काळ्या फांदीला जांभळी कड येते, सपाट भिंत फोकसमधून निसटते. इमारतींचे किंवा तारांगणाचे फोटो काढणाऱ्याने या भागाच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसांचे फोटो काढणाऱ्याने मात्र जरूर राहावं. निकॉनची ३५ मि.मी. एफ १.८ डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर कोपरे जरासे काळवंडून जवळपास पूर्ण चौकट भरते. मधे चेहरा असेल तर ते काळवंडणं शोभतं, आणि नको असेल तर ४ बाय ५ किंवा चौरस कापलं की कोपरे आपोआप गळून पडतात. चौरसाचे कोपरे वर्तुळाच्या मध्याला जास्त जवळ असतात. २४ बाय २४ मि.मी.च्या चौरसाचा कर्ण ३४ मि.मी.चाच भरतो.

अजून एक नवल राहिलं. वर सांगितलेलं वर्तुळ लेन्स दूरवर फोकस केलेली असतानाचं आहे. जवळचं काही टिपायचं तर लेन्स सेन्सरपासून दूर सरकवावी लागते आणि शंकू जितका लांब जाईल तितका रुंदावतो. किती? फुलाचं सेन्सरवरचं चित्र फुलाच्या निम्म्या आकाराचं होईपर्यंत लेन्स पुढे नेली, तर सेन्सरपर्यंतचं अंतर बरोबर दीडपट झालेलं असतं. वर्तुळही दीडपट: २८चे ४२. म्हणजे अर्ध्या मापाच्या मॅक्रोला पोहोचता पोहोचता क्रॉप लेन्स फुल फ्रेमची झालेली असते, आणि पूर्ण मापाला पोहोचली तर व्यास ५६ मि.मी. होतो. आतल्या काचा हलवून फोकस करणाऱ्या लेन्समध्ये हा हिशेब इतका सरळ राहत नाही, पण लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये एक्स्टेंशन ट्यूब घातली की सगळी लेन्सच पुढे सरकते आणि हिशेब पुन्हा जमतो. ३५ मि.मी.च्या डीएक्स लेन्सला अर्धं माप गाठायला साडेसतरा मि.मी.ची ट्यूब लागते. बाजारात २० मि.मी.ची मिळते, ती चालेल. विजेची जोडणी आणि अ‍ॅपर्चरची दांडी हलवणारी यंत्रणा, दोन्ही असलेली घ्या, म्हणजे अ‍ॅपर्चर हाताशी राहील. मेनूत जाऊन क्रॉप बंद करा, एफ ८ ठेवा, आणि लेन्स जास्वंदीच्या पिवळ्या परागकोशांच्या चार बोटं जवळ नेऊन चारही कोपरे तपासा.